दहा पावत्या आणि तीन चतुर्थक: अहवालात कोणता छापायचा?

खजिनदार_राजेंद्रनगर | सोमवार, रात्री ९:१२

मंडळी, नमस्कार. आमची गल्ली इंदूरच्या राजेंद्र नगरातली. गणपती लहानसाच, पण पावतीपुस्तक आहे, वार्षिक सभा आहे आणि अहवालही निघतो, झेरॉक्सचा का होईना. यंदाच्या कच्च्या मसुद्यात सहसचिवांनी 'सरासरी वर्गणी ८९१ रुपये' असं लिहिलं. मसुदा घरोघर फिरला आणि कल्ला झाला. "आम्ही ३५१ दिले, म्हणजे आम्ही कंजूष ठरलो का?" असं दोन घरांनी तोंडावर विचारलं. पावत्या अशा आहेत, चढत्या क्रमाने:

१०१, १५१, २५१, ३०१, ३५१, ५०१, ५०१, ७५१, १००१, ५००१

बेरीज ८९१०, घरं दहा, सरासरी ८९१. हिशोब बरोबर आहे. पण दहापैकी आठ घरं त्या सरासरीच्या खाली आहेत, हेही तितकंच बरोबर. म्हणून ठरवलं की मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा, द्यायचा (३५१ आणि ५०१ यांच्या मधोमध, ४२६) आणि सोबत पहिला आणि तिसरा चतुर्थक (क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार सारखे वाटे केले तर पहिला वाटा संपतो आणि शेवटचा सुरू होतो त्या सीमा), म्हणजे पसारा किती ते कळेल.

आता गंमत बघा. एक्सेल म्हणतं चतुर्थक २६३.५० आणि ६८८.५०. पुतणी अकरावी कॉमर्सला आहे, ती पुस्तकातल्या सूत्राने २२६ आणि ८१३.५० काढते. शेजारचे काका निवृत्त ओव्हरसिअर, त्यांनी कागदावर रेघ मारून २५१ आणि ७५१ काढले. तिघांनी एकमेकांची आकडेमोड तपासली, चूक कोणाचीच निघाली नाही. मी कोणता छापू?

जिरावन | सोमवार, रात्री ९:२०

भिया, २६३ रुपये ५० पैशांची पावती फाडणारा माणूस दाखवा, त्याला छप्पन दुकानवर पोहे-जिलबी माझ्याकडून.

तक्षशिला_परिसर | सोमवार, रात्री १०:०५

काका, तिघेही बरोबर आहेत. दहा घरांचे चार सारखे वाटे घालायला गेलं की एका वाट्याला अडीच घरं येतात. हे अर्धं घर कुठे बसवायचं, यावर ज्याने त्याने आपली रीत काढली, घोळ तेवढाच आहे.

ओव्हरसिअर काकांची रीत सगळ्यात सरळ. दहा आकडे मधोमध तोडायचे, पाच इकडे, पाच तिकडे. खालच्या पाचांतला मधला २५१, वरच्या पाचांतला मधला ७५१. संपलं.

पुतणीची रीत: (१० + १) ÷ ४ म्हणजे पावणेतिसरं स्थान. दुसऱ्या स्थानावर १५१, तिसऱ्यावर २५१, मधलं अंतर १००, त्याचे पाऊण ७५. झाले २२६. वरच्या टोकाला स्थान येतं सव्वाआठवं: ७५१ आणि १००१ मधल्या २५० चा पाव ६२.५०, म्हणून ८१३.५०.

एक्सेल स्थानं मोजत नाही, पावलं मोजतं. पहिल्या आकड्यापासून दहाव्यापर्यंत जायला नऊ पावलं लागतात. नऊचा पाव सव्वादोन. पहिल्यापासून सव्वादोन पावलं पुढे गेलं की तिसऱ्याच्या थोडं पुढे येतो: २५१ अधिक ५० चा पाव, २६३.५०. वरून खाली सव्वादोन पावलं आलं की ६८८.५०.

आणि एक. एक्सेलमध्ये २०१० पासून दोन वेगळी फंक्शन्स आहेत. 'क्वार्टाइल.आयएनसी' म्हणजे तुम्ही वापरलेलं (नुसतं जुनं 'क्वार्टाइल' टाकलं तरी तेच चालतं) आणि 'क्वार्टाइल.ईएक्ससी'. दुसरं टाकून बघा, पुतणीचं उत्तर येईल.

खजिनदार_राजेंद्रनगर | सोमवार, रात्री १०:३१

टाकलं. २२६ आणि ८१३.५० आलं. पुतणी आता घरभर मिरवून राहिली आहे.

ताळेबंद | मंगळवार, सकाळी ७:४०

मी बँकेत आयुष्य काढलं. एका प्रश्नाला तीन उत्तरं आणि तिन्ही बरोबर, हे आमच्या खात्यात चाललं नसतं. जगात कुठेतरी एक ठरलेली व्याख्या असेलच ना? नाहीतर प्रमाण विचलन घ्या, आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत ते सांगणारं, ते तरी एकच असतं.

तक्षशिला_परिसर | मंगळवार, सकाळी ८:५५

ठरलेली एकच व्याख्या नाही, काका. १९९६ मध्ये हाइंडमन आणि फॅन या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी संगणकाच्या सांख्यिकी पॅकेजांमधल्या रीती गोळा केल्या, तर नऊ निघाल्या. 'आर' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या नऊच्या नऊ आहेत, एक ते नऊ क्रमांकाने. तुम्ही काही सांगितलं नाही तर ते सातवी वापरतं, तीच एक्सेलची. पुतणीची सहावी. मिनिटॅब आणि एसपीएसएस ही सांख्यिकीची सॉफ्टवेअरं साधारणपणे सहावीच्या बाजूची.

हजारो आकडे असले की सगळ्या रीती जवळपास एकाच जागी येतात, कारण शेजारच्या दोन आकड्यांत फारसं अंतरच उरत नाही. दहा पावत्यांत मात्र १५१ च्या शेजारी थेट २५१ आहे. रीत पाव पाऊल इकडे-तिकडे सरकली की उत्तर पंचवीस रुपयांनी हलतं.

प्रमाण विचलन तरी एकच असतं असं म्हणालात, पण दहाने भागायचं की नऊने, हा वाद तिथेही आहेच. दहाने भागलं तर १३९५, नऊने भागलं तर १४७०. आणि हे दोन्ही आकडे खुद्द सरासरीपेक्षा मोठे आहेत! सरासरी ८९१, विचलन १३९५: यातून गल्लीतल्या माणसाने काय समजायचं? सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग करून बेरीज केली तर त्या बेरजेतला सुमारे ८७ टक्के वाटा एकट्या ५००१ च्या पावतीचा आहे. म्हणजे विचलनाच्या नावाखाली आपण एकाच घराचा आकडा सांगत बसतो.

आता समजा त्या घराने पुढच्या वर्षी ११००१ दिले. सरासरी ८९१ वरून १४९१ वर जाईल. मध्यक आणि चतुर्थक, तिन्ही रीतींनी, एका रुपयानेही हलणार नाहीत.

ताळेबंद | मंगळवार, सकाळी ९:१०

८७ टक्के मी स्वतः करून पाहिलं. बरोबर आहे. तरी नऊ रीती ही चैनच.

बारावीपर्यंत_शिकवते | मंगळवार, दुपारी २:१५

मी सुदामा नगरात क्लास घेते, दरवर्षी याच जागी मुलं अडतात, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

खजिनदारकाका, पुतणीला सांगा, परीक्षेत पुस्तकातलंच सूत्र लिहायचं. सुट्या आकड्यांना (एन + १) ÷ ४, एन म्हणजे एकूण आकडे किती ते. तपासणाऱ्यासमोर एक्सेलची रीत मांडून गुण मिळत नाहीत. आणि सूत्र लिहून, स्थान काढून, मग उत्तर लिहायचं. नुसतं २२६ लिहिलं की पायऱ्यांचे गुण जातात. वर्गांतराची सारणी आली, ०–१००, १००–२०० अशी, की मात्र एन ÷ ४. तिथे अधिक एक नाही. निम्मी मुलं हे दोन एकमेकांत मिसळतात. कारण सोपं आहे: सारणीत आपण आकडे मोजत नसतो, प्रत्येक वर्गात ते सलग पसरलेले आहेत असं धरून चालतो, म्हणून अधिक एक करायची गरजच नसते.

दुसरी अडचण ओव्हरसिअरकाकांच्या रीतीत येते, तुम्हाला अजून आली नाही कारण घरं दहा आहेत. अकरा असती तर? सहावा आकडा मध्यक. आता तो खालच्या भागात घ्यायचा, वरच्या भागात घ्यायचा, दोन्हीकडे घ्यायचा, की कुठेच नाही? अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी, ज्यांनी १९७० च्या दशकात तो चौकट आणि मिशांचा आलेख रूढ केला, ते मध्यक दोन्हीकडे धरायचे. अमेरिकन शाळांची पाठ्यपुस्तकं आणि तिकडचे टीआय-८३ कॅल्क्युलेटर तो दोन्हीकडून वगळतात. सम संख्येला हा प्रश्न येतच नाही.

आणि रीत कोणतीही घ्या, आधी आकडे चढत्या क्रमाने लावा! पावतीपुस्तकाच्या क्रमाने तिसरा आकडा उचलणारी मुलं मी पाहिली आहेत.

जिरावन | मंगळवार, दुपारी २:४०

मिशांचा आलेख म्हणजे?

बारावीपर्यंत_शिकवते | मंगळवार, दुपारी ३:०२

पहिल्या चतुर्थकापासून तिसऱ्यापर्यंत एक चौकट, आत मध्यकाची रेघ, दोन्ही बाजूंना लांब रेघा, त्या मिशा. चौकटीच्या लांबीच्या दीडपट अंतरापर्यंत जो शेवटचा आकडा असेल तिथे मिशी थांबते. त्यापलीकडचे आकडे सुटे ठिपके म्हणून दाखवतात. तुमच्या गल्लीत उजवी मिशी १००१ वर थांबेल आणि ५००१ एकटा ठिपका.

तक्षशिला_परिसर | मंगळवार, दुपारी ३:३०

हे तिन्ही रीतींनी करून बघण्यासारखं आहे. चौकटीची लांबी एक्सेलच्या रीतीने ४२५, काकांच्या रीतीने ५००, पुतणीच्या रीतीने ५८७.५०. फरक थोडाथोडका नाही. पण दीडपटीची वरची सीमा येते अनुक्रमे १३२६, १५०१ आणि १६९४.७५. तिन्हीकडे १००१ आत, ५००१ बाहेर. जो निर्णय घ्यायचा होता तो रीतीवर अवलंबून नाही. मी तरी हेच आधी तपासतो: रीत बदलून निष्कर्ष बदलतो का? बदलत नसेल तर वाद घालत बसायचं नाही. बदलत असेल तर निष्कर्षच कच्चा आहे.

खालची सीमा काकांच्या रीतीने उणे ४९९ येते. म्हणजे मंडळाने एखाद्या घराला उलट पाचशे रुपये दिले तरच ते घर खालच्या बाजूने 'वेगळं' ठरेल.

जिरावन | मंगळवार, दुपारी ३:३४

आमच्याकडे आहे असं एक घर. वर्गणी देत नाही आणि प्रसादाचे डबे तीन नेतं.

वैशाली_नगरची_वहिनी | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मला सूत्रं फारशी कळत नाहीत, पण पसारा का बघायचा ते मला शिंप्यांनी शिकवलं. आमच्या भिशीत दोन शिंपी चालतात, दोघेही मल्हारगंजच्या बाजूचे. सणाच्या आधी ब्लाऊज कोणाकडे टाकायचा यावरून दर वर्षी चर्चा होते. या वेळी ग्रुपवर विचारलं, कोणाला किती दिवसांत मिळाला. नऊ-नऊ जणींनी सांगितलं.

पहिला: ५, ६, ७, ७, ८, ८, ९, १०, ११
दुसरा: २, ३, ४, ६, ८, १२, १५, १८, २४

दोघांचाही मधला आकडा आठ. मग माझ्या जाऊबाई म्हणाल्या, दोघे सारखेच, दुसऱ्याची शिलाई कमी आहे, त्याच्याकडे टाकू. दुसऱ्याकडे नशीब असेल तर परवा मिळतो आणि नसेल तर दिवाळी निघून जाते. हे चतुर्थकाने कसं सांगायचं?

बारावीपर्यंत_शिकवते | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

वहिनी, उत्तम उदाहरण, वर्गात वापरू का? नऊ आकडे, मधला पाचवा, तो वगळून चार-चार उरतात. पहिल्या शिंप्याचे चतुर्थक साडेसहा आणि साडेनऊ, अंतर तीन दिवस. दुसऱ्याचे साडेतीन आणि साडेसोळा, अंतर तेरा दिवस. मध्यक दोन्हीकडे धरला तर अंतरं दोन आणि अकरा येतात. कशीही मोजा, दुसऱ्याचा पसारा कितीतरी पट.

तुम्हाला सणाला हवा असेल तर मध्यकाकडे बघूच नका, तिसऱ्या चतुर्थकाकडे बघा. पहिल्याकडे दहा दिवस आधी टाकलं तर चारांत तिघींना वेळेवर मिळेल असं साधारण धरता येतं. दुसऱ्याकडे तेवढ्याच भरवशासाठी सतरा दिवस आधी टाकावं लागेल. नऊ जणींवरून इतकंच, याहून नेमकं काही म्हणता येणार नाही.

वैशाली_नगरची_वहिनी | मंगळवार, संध्याकाळी ७:२८

वापरा ना ताई. शिंप्यांची नावं सांगू नका म्हणजे झालं.

ताळेबंद | बुधवार, सकाळी ७:१५

आता मूळ मुद्द्यावर येऊ. दहाच घरं आहेत. चतुर्थक कशाला? दहाही आकडे नावांशिवाय छापा, लोक काय ते समजतील. दहा आकड्यांचा सारांश पाच आकड्यांत (किमान, पहिला चतुर्थक, मध्यक, तिसरा चतुर्थक, कमाल) देणं म्हणजे अर्धा कागद वाचवणं.

तक्षशिला_परिसर | बुधवार, सकाळी ९:००

सांख्यिकीच्या बाजूने मी शंभर टक्के तुमच्याशी सहमत. दहा आकडे असतील तर दहा ठिपके काढावेत. चौकटीचा आलेख दहा आकड्यांवर काढला तर लोकांना वाटतं मागे ढीगभर माहिती आहे.

खजिनदार_राजेंद्रनगर | बुधवार, सकाळी ९:४५

नावांशिवाय छापलं तरी ५००१ कोणाचे हे गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्याची अडचण नाही, त्यांचं नाव देणगीदारांत वेगळं येतंच. अडचण आहे १०१ ची. त्या आजी एकट्या राहतात, पेन्शनवर. दर वर्षी न मागता पहिली पावती त्यांची असते. यादी छापली की शोध सुरू होईल आणि सापडायला दोन मिनिटं लागणार नाहीत. म्हणूनच मला 'किमान १०१, कमाल ५००१' असंही नको आहे.

बारावीपर्यंत_शिकवते | बुधवार, सकाळी १०:३०

मग चतुर्थकच योग्य. विस्तार, म्हणजे कमाल वजा किमान, नेमक्या त्या दोन घरांवर बोट ठेवतो ज्यांना तुम्हाला झाकायचं आहे. चतुर्थक टोकं सोडून मधल्याबद्दल बोलतात. छोट्या गटात हा फायदा मी आधी लक्षातच घेतला नव्हता. वर्गातही मी सगळ्यात कमी गुण फळ्यावर लिहीत नाही, पण त्यामागे इतका विचार नसतो.

जिरावन | बुधवार, सकाळी १०:४१

पण काकांच्या रीतीने २५१ आले, ती खरी पावती आहे कोणाची तरी. एक्सेलचे २६३.५० कोणाचेच नाहीत. झाकायचं असेल तर एक्सेल बरं. (मी एक्सेलची बाजू घेईन असं सोमवारी वाटलं नव्हतं.)

खजिनदार_राजेंद्रनगर | बुधवार, दुपारी १:२०

घ्या, नवीन बातमी. कोपऱ्यावरचं घर बंद होतं, मंडळी मुलाकडे गेली होती. आज परत आले आणि ५०१ ची पावती फाडली. आता घरं अकरा:

१०१, १५१, २५१, ३०१, ३५१, ५०१, ५०१, ५०१, ७५१, १००१, ५००१

सरासरी ८५५.५५. मध्यक ४२६ वरून एकदम ५०१! एका पावतीने ७५ रुपये? सरासरी उलट खाली आली. इकडे तुम्ही म्हणालात मध्यक भक्कम असतो.

तक्षशिला_परिसर | बुधवार, दुपारी २:१०

भक्कम असतो तो टोकाच्या आकड्यापुढे. पण मध्यक जिथे बसला आहे तिथेच, ३५१ आणि ५०१ च्या मध्ये, दीडशेची मोकळी जागा होती. वरच्या बाजूला एक घर वाढल्याबरोबर तो पुढच्या पायरीवर गेला. वर्गणीचे आकडे असे पायऱ्यांनीच चालतात, ४०१ ची पावती फारशी कोणी फाडत नाही. तेव्हा इतक्या कमी घरांत मध्यक वर्षागणिक थोडा उडेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका आणि 'यंदा वर्गणी वाढली' अशी घोषणाही करू नका.

अकरा घरांना पुतणीचं सूत्र छान बसतं: १२ ÷ ४ म्हणजे बरोबर तिसरं स्थान, २५१, आणि नववं, ७५१. मध्यक वगळून काकांच्या रीतीनेही तेच. एक्सेल आणि टुकी मात्र एका बाजूला गेले: २७६ आणि ६२६. कालपर्यंत तीन पक्ष होते, आज दोनच राहिले.

खजिनदार_राजेंद्रनगर | बुधवार, दुपारी २:२५

मग मसुद्यात असं लिहितो: 'मध्यक वर्गणी ५०१. निम्म्या घरांनी २५१ ते ७५१ दरम्यान वर्गणी दिली.' चालेल?

ताळेबंद | बुधवार, दुपारी ३:५०

चालणार नाही. मोजा. २५१, ३०१, ३५१, तीन वेळा ५०१, ७५१. सात घरं झाली. अकरापैकी सात म्हणजे निम्मी नव्हेत. सभेत कोणीतरी बोटांवर मोजेल आणि पुन्हा कल्ला होईल.

मागची दहा घरंही मी मोजली. काकांच्या रीतीने २५१ ते ७५१ मध्ये सहा, पुतणीच्या रीतीनेही सहा, एक्सेलच्या रीतीने चार. दहाची निम्मी, म्हणजे बरोबर पाच घरं, कोणाच्याच रीतीत सापडली नाहीत.

तक्षशिला_परिसर | बुधवार, संध्याकाळी ४:३५

ताळेबंदकाका, हे मी वर लिहायला हवं होतं आणि तुम्ही पकडलंत. 'मधले पन्नास टक्के' हे मोठ्या माहितीत खरं ठरतं. दहा-अकरा आकड्यांत टोकाचे आकडे धरले की पन्नासाचे साठ होतात, सोडले की चाळीस. एक्सेलने अकरापैकी पाच येतात, २७६ ते ६२६ मध्ये, पण त्या सीमा ऐकून सभेत जिरावनसारखे हसतील.

ताळेबंद | बुधवार, संध्याकाळी ४:५०

मग सरळ लिहा: 'अकरापैकी सात घरांची वर्गणी २५१ ते ७५१ दरम्यान.' नुसती मोजणी. कोणती रीत वापरली हे सांगायलाच नको, आणि कोणीही पावतीपुस्तक उघडून पडताळू शकतो. १०१ वाल्या आजी त्यात दिसत नाहीत, ५००१ वालेही नाहीत.

खजिनदार_राजेंद्रनगर | बुधवार, रात्री ८:०५

हेच छापतो. 'मध्यक' शब्दाऐवजी 'वर्गणी क्रमाने लावल्यास मधल्या घराची ५०१' असं लिहितो, म्हणजे सभेत समजावत बसावं लागणार नाही. सरासरी काढून टाकली, एकूण जमा ९४११ तेवढी ताळेबंदात आहेच. पुतणीला चतुर्थक विचलन विचारलं तर तिने २५० सांगितलं, आणि गुणांक सुमारे ०.५०. ताई, बरोबर ना?

बारावीपर्यंत_शिकवते | बुधवार, रात्री ८:४०

(७५१ − २५१) ÷ २ = २५०. गुणांक म्हणजे दोन चतुर्थकांची वजाबाकी भागिले बेरीज, ५०० ÷ १००२, म्हणजे ०.४९९. बरोबर. पायऱ्या लिहिल्या का विचारा.

जिरावन | बुधवार, रात्री ८:४४

९४११ जमा झाले, खर्च किती? तो आकडा अजून कोणी टाकला नाही.